आईनं मशीनला ओ दिली

आमच्या घरात एखादी गोष्ट घडली की ती घडून संपत नाही, मी सांगितल्यावर संपते. वहिनीच्या बहिणीच्या लग्नात मांडव एका बाजूनं खाली बसला, तेव्हा मी त्या मांडवात नव्हतेच, आइस्क्रीमच्या रांगेत होते. तरीही आज ज्यांच्या डोक्यावर तो मांडव पडला ते लोक मला विचारतात, "सांग ना गो, कसं झालं होतं ते?" आणि मी सांगते. दरवेळी मांडव थोडा जास्त बसतो.

खर्डीजवळच्या एका पाड्यावर मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवते. या नोकरीनं माणसाचा आवाज बिघडतो. घरी जेवायला बसलेले नवरोबा एकटेच असले तरी माझ्या तोंडून निघून जातं, "हात धुतले का सगळ्यांनी?" त्यांनी आता ओ देणंही सोडलंय, नुसता हात वर करून दाखवतात.

तर अशी मी, आणि माझ्याकडे आईचं आजारपण समजून घ्यायची जबाबदारी आली. आई मुरबाडकडच्या गावात दादाजवळ राहते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दिवसाला मोजून सहा-सात वाक्यं बोलतो, त्यातली दोन बैलांशी. त्यामुळे डॉक्टरांपुढं बसायला मीच, हे न विचारता ठरलं.

झालं असं की भात झोडून झाल्यावर आम्ही त्याच शेतात वाल टाकतो. गेल्या हिवाळ्यात आई वालाच्या शेंगा तोडायला निघाली की अर्ध्या वाटेत बांधावर बसू लागली. "पाय दुखत्यात," म्हणायची. पाय कसले दुखतात, धाप लागायची. एकदा बसल्या जागी डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा दादानं तिला मुरबाडच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीला नळी लावली ती काढीचनात. मग कल्याणला हृदयाची सोनोग्राफी झाली, आणि तिथून शहरातल्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळाली.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या, पण समजावून सांगण्यात माझ्या वरचढ. हृदयातून रक्त बाहेर जातं तिथं एक झडप असते, तीन पाकळ्यांची. आईच्या त्या पाकळ्यांवर कॅल्शियमचे थर बसलेत, त्या कडक झाल्यात, उघडत नाहीत. चिंचोळ्या फटीतून हृदय रक्त ढकलतंय आणि दमतंय.

मी गावात येऊन हे सांगितलं. 'कॅल्शियम' म्हटलं तर कोण समजणार, म्हणून मी म्हटलं, "झडपेवर चुना बसलाय." माझ्या मते हे फार सोपं आणि सुंदर झालं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीनं आईच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उचलून नेली. "जन्मभर चुना खाल्लास, आता भोग," असंही म्हणाली. बिचाऱ्या आईनं तीन आठवडे बिनचुन्याचं पान खाल्लं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, त्या चुन्याचा आणि याचा काही संबंध नाही." आईनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून कुणाला सांगितलेली नाही. इथं पहिल्यांदाच लिहितेय.

आईचं वय शहात्तर, फुप्फुसं आधीच चुलीच्या धुरानं थकलेली. छाती उघडून ऑपरेशन करायला डॉक्टर तयार नव्हते. त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. मांडीच्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची, आणि तिच्या टोकावर घडी करून बसवलेली नवी झडप जुन्या झडपेत उघडायची.

"पण आम्हाला तिथं प्रत्यक्ष काही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही चित्रांवर चालतो. म्हणून आधी सीटी स्कॅन. झडप बसते त्या कड्याचं माप त्या चित्रावर काढायचं, मिलिमीटरमध्ये. लहान झडप टाकली तर बाजूनं गळेल, कदाचित सरकेल. मोठी टाकली तर कडं फाटू शकतं. माप चुकून चालणार नाही."

आणखी एक होतं. चित्र उमटावं म्हणून शिरेतून औषध सोडतात, आणि त्याचा ताण किडनीवर पडतो. आईची किडनी आधीच काठावर होती. "चित्र एकदाच नीट यायला हवं," बाई म्हणाल्या. "दहाएक सेकंद श्वास रोखून अजिबात हलायचं नाही. जमेल ना त्यांना?"

"आमची आई फार समजूतदार आहे," मी म्हटलं. "सांगाल ते ऐकेल."

आता मी केलेलं काम सांगते. स्कॅनच्या सकाळी गाडीत मी आईला नीट तयार केलं. म्हटलं, "आये, तिथं शहरातली माणसं असतात. कोणी काय बोललं तर गप नको बसू. नुसती मान नको हलवू. गप बसलं की अडाणी समजतात आणि मग कोणी धड विचारत नाही. तोंडानं उत्तर द्यायचं, मोठ्यानं."

"बरं," आई म्हणाली.

स्कॅनच्या खोलीत तंत्रज्ञांनी तिला दोनदा सराव करून घेतला. ते समोर उभे राहून म्हणाले, "श्वास घ्या, रोखा," आणि तिनं रोखला. त्यांनी मला दारातूनच अंगठा दाखवला. मग सगळे काचेपलीकडं गेले आणि आई त्या मोठ्या कड्यात एकटी राहिली. मशीन फिरायला लागलं आणि त्यातून एक पुरुषी आवाज हिंदीत म्हणाला, "साँस अंदर लीजिए. साँस रोकिए."

आईनं श्वास घेतला, रोखला, आणि मग मोठ्यानं म्हणाली, "हा रे बाबा, धरलाय!"

म्हणजे सोडला.

मी बाहेर बाकावर होते, तिथंपर्यंत ऐकू आलं. लगेच दुसरी हाक आली, "अगो बाय, मी मुतले गो!" ते औषध अंगात गेलं की कमरेखाली गरम गरम वाटतं, तसं काही झालेलं नसतं. हे मला आधी सांगितलं होतं. मी ते आईला सांगायचं विसरले होते, कारण मी तिला शहरातले रीतिरिवाज शिकवत होते.

अर्ध्या तासानं डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. आमच्या अंगणवाडीचा गेल्या वर्षीचा एक ग्रुप फोटो आहे. त्यात प्रत्येक पोराला दोन नाकं आहेत, कारण कोणीच स्थिर उभं राहिलं नव्हतं. आईच्या झडपेचं कडं तसंच दिसत होतं, दुहेरी.

"यावर माप काढता येणार नाही," बाई म्हणाल्या. "आत कोणी बोललं का?"

"पेशंट बोलल्या," तंत्रज्ञ म्हणाले. "मशीनशी."

आईला यात काय चुकलं तेच कळेना. "तो एवढा सांगीत होता, मी त्याला ओ पण नाय देयाची? आमच्यात वाटंनं जानारा मानूस हाक मारतो, तरी आमी ओ देतो." हे खरं आहे. आमच्या आळीत कुणी "काय करतेस गो?" म्हणत गेलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, तर तो माणूस चार घरं पुढं जाऊन सांगतो की हिच्या घरी काहीतरी बिनसलंय. मग आई आणखी म्हणाली, "आनि हिनंच सांगितला मला गाडीत. गप नको बसू, मोठ्यानं बोल."

डॉक्टरीणबाई, तंत्रज्ञ आणि दादा, तिघांनीही माझ्याकडं पाहिलं. दादानं तर मान पूर्ण वळवून पाहिलं, जी तो सहसा वळवत नाही.

किडनीचं रक्त पुन्हा तपासून बारा दिवसांनी दुसरा स्कॅन ठरला. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. हेही हललं तर तिसऱ्यांदा औषध देणार नाहीत. मग घशातून नळी घालून सोनोग्राफी करून माप घ्यावं लागेल, त्याला गुंगी लागेल, आणि आईच्या छातीला ती गुंगी झेपेल की नाही याची खात्री नाही. तेही जमलं नाही तर गोळ्यांवर ठेवायचं. गोळ्यांवर ठेवायचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी बारा दिवसांची रजा टाकून मुरबाडला आले. बावीस वर्षांत मी शेकडो पोरं गप्प बसवली होती, एका आईचं काय एवढं? मी स्टारचे स्टिकर आणले. पाच आकडे श्वास धरला की हातावर एक स्टार. आणि आमची खास युक्ती, हाताची घडी, तोंडावर बोट.

पहिल्या दिवशी आईनं तोंडावर बोट ठेवून सात आकडे श्वास धरला. मी म्हटलं, "शाब्बास!" ती म्हणाली, "जमला का गो?" गेला श्वास. दुसऱ्या दिवशी मी शाब्बास गिळलं, पण आकडे मोठ्यानं मोजत होते. सहावर अडखळले तशी आईच म्हणाली, "सात." तिसऱ्या दिवशी ती शांतपणे बोलली, "तिथं तर हात डोक्याच्या वर ठेवाया लावतात. मग तोंडावर बोट कुनाचा ठेवू? तुजा?"

मला हे सुचलंच नव्हतं. तीन दिवसांचे अकरा स्टार तिच्या हातावर चमकत होते.

मग मी नवऱ्याला फोन करून मशीनसारखा आवाज पाठवायला सांगितला. त्यांनी घसा खाकरून हिंदीत तो निरोप रेकॉर्ड केला. त्यांचं हिंदी आमच्या खर्डी स्टेशनच्या पलीकडं फारसं गेलेलं नाही. "साँस अंदर घेव," ते म्हणाले. मी मोबाइल आईच्या उशाशी लावला. आईनं श्वास घेतला, रोखला, आणि पदर सावरून म्हणाली, "हो जी, घेतला."

"आये!"

"अगो जावई बोलतात. जावयाला ओ नाय देयाची?"

एव्हाना आळीत सगळ्यांना कळलं होतं. संध्याकाळी बायका बघायला येऊ लागल्या. आई खाटेवर, मी स्टार घेऊन उभी, आणि दारात काकी. "सोड गो आता, म्हातारी निळी पडल," काकी म्हणाली की आई तिला उत्तर देणार. माझ्या शाळेत पट वाढत होता, निकाल शून्य. बाहेर मी हसून सगळ्यांना मशीनचा किस्सा सांगत होते, त्यात आता आई मशीनला चहासुद्धा विचारत होती. न्हाणीत गेले की मात्र बोटांवर दिवस मोजायचे. सहा दिवस उरले होते.

सातव्या दिवशी दुपारी दादा पडवीत बसून विळ्याला धार लावत होता. आम्ही आत शिकवणी करत होतो. पाचव्या आकड्यावर आई बोलली, मी कपाळावर हात मारला, आणि धार लावायचा आवाज थांबला.

"तिला सांग," दादा बाहेरूनच म्हणाला, "हात चिंबोरीच्या बिळात हाय."

पावसाळ्यात भातशेतीच्या बांधाला चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं असतात. आई त्यात खांद्यापर्यंत हात घालून चिंबोरी काढायची. आमच्या गावात तिच्यासारखी दुसरी नव्हती. आत चिंबोरीची नांगी कुठल्या बाजूला आहे ते बोटांनी ओळखायचं असतं, आणि तेवढा वेळ माणूस दगड होतो. जरा हललात, श्वास सोडलात तरी चिंबोरी समजते आणि बोट धरते. लहानपणी मी बांधावर टोपली घेऊन उभी असायचे. दादा सोबत असायचा, मला पाठवायचे ते फक्त सुरुवातीला. नंतर पाठवायचे बंद झाले, कारण मी विचारायचे, "सापडली का गो?"

आईचा चेहराच बदलला. तिनं डोळे मिटले, दोन्ही हात डोक्यावरून मागं नेले आणि उजव्या हाताची बोटं हळू वळवली. दादा आत आला. खाटेपाशी उकिडवा बसला.

"दम घे," तो म्हणाला. "हात आत."

खोलीत काही हलेना. मी परीक्षा म्हणून म्हटलं, "आये, चहा घेतेस का?" उत्तर नाही. "आये, जावई आलेत!" पापणी हलली नाही. तेवढ्यात वाटेवरून काकी ओरडली, "काय करतेस गो म्हातारे?" आणि आईनं, आमच्या आईनं, ओ दिली नाही. मी मनात अठरापर्यंत मोजलं.

"काढ," दादा म्हणाला, आणि तिनं श्वास सोडला.

काकी धावत दारात. "काय झाला गो तिला? बोलत का नाय?" तिला समजावेपर्यंत तीन बायका आणखी आल्या.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी मी तंत्रज्ञांना गाठलं आणि सगळं सांगितलं, चिंबोरीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "मशीनचा आवाज बंद ठेवता येतो. इथं माइक आहे. घरच्या माणसानं बोललेलं चालेल, मी खूण करीन तेव्हा."

मी पदर खोचला. बावीस वर्षांचा अनुभव, खणखणीत आवाज. मी माइककडं निघाले.

"तू नको," दादा म्हणाला.

"का?"

"तुला ती ओ देईल."

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. आधी मात्र आईला सांगितलं, "औषधानं गरम वाटेल, घाबरू नको, काय होत नाय." या खेपेला एवढं तरी विसरले नाही. शेजारी एक बाई बसल्या होत्या, सासऱ्यांना घेऊन आल्या होत्या. मी आपोआप सुरू झाले. चुन्याची डबी, धरलाय रे बाबा, अकरा स्टार, जावई. त्या हसून हसून पदरानं डोळे पुसत होत्या. वरचा लाल दिवा लागला. आत मशीन फिरायला लागल्याचं ऐकू आलं.

"मग?" त्या म्हणाल्या. "पुढं काय झालं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं पुढचं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी असं झालं नव्हतं. गोष्ट माझ्याआधी संपलेली असायची, मी फक्त तिला नीट करायचे. ही दाराआड चालू होती आणि तिचा शेवट माझ्या हातात नव्हता. मी त्या बाईंचा हात धरला. ओळख ना पाळख. त्यांनीही धरू दिला.

दिवा गेला. दार उघडून दादा आला. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पण त्याच्या तोंडावरून कधी काही कळत नाही.

"बोल ना रे!"

"नाय हालली," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तेव्हा मला दिसलं की त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता.

या खेपेला पडद्यावर एकच कडं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते फिरवून दाखवलं. गोल नव्हतं, अंड्यासारखं लांबट होतं, कडेला पांढरे ठिपके. त्यांनी त्यावर रेघा ओढून माप घेतलं. मांडीपासून वरपर्यंतची वाट दाखवली. डाव्या बाजूची रक्तवाहिनी वेडीवाकडी आहे, उजवीनं जायचं. ऑपरेशनच्या वेळी एक्स-रेचा कॅमेरा कुठल्या कोनात धरायचा, तेसुद्धा याच चित्रावरून ठरलं. "फार छान आलंय," त्या म्हणाल्या. दादाला सातवं वाक्य बोलायचं होतं की काय कोण जाणे, त्यानं नुसतं नाक पुसलं.

पुढच्या आठवड्यात झडप बसली. मी पुन्हा बाहेरच होते, त्यामुळे आतलं जे सांगेन ते ऐकीव. कॅमेरा आईच्या अंगावरून झुकलेला होता, पडद्यावर ती नळी वर सरकताना दिसत होती, मग घडी उघडली, आणि छातीवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवून बाजूनं रक्त गळतंय का ते लगेच पाहिलं. नावापुरतं, बाई म्हणाल्या, काळजीचं नाही. आई अर्धवट जागी होती. तिला कोणीतरी विचारलं, "आजी, ठीक आहात ना?" आणि तिनं ओ दिली. तिथं चालतं, असं मला नंतर सांगितलं.

चौथ्या दिवशी आम्ही तिला घेऊन निघालो. दादा पुढं, मी आणि आई मागं. आई बोलायला लागली. इस्पितळातल्या डाळीला मीठ नव्हतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईची सून चांगली, लेक कामाची नाय. ती डॉक्टरीण लग्नाची हाय का गो? कल्याण गेलं. वालाचं बी ठेवलं का, काकीनं चुन्याची डबी परत केली का, जावयांचं हिंदी कोणी शिकवलं. मी तीनदा मध्ये शिरायचा प्रयत्न केला, तिन्हीदा जागा मिळाली नाही. मुरबाड जवळ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या लांबलचक वाक्यात ती एकदाही थांबली नाहीये.

गेली दोन वर्षं मी सांगत असले की ती नुसतं ऐकत बसायची. मध्ये बोलायची नाही, चूक काढायची नाही. मला वाटायचं, वयानं तिला माझ्या गोष्टींची किंमत कळली. मी तिच्यापुढं तासन् तास बोलले. तिच्याकडं मला अडवायला श्वास नव्हता. आणि मी, पोरांची वजनं-उंच्या दर महिन्याला मोजणारी, हे मला दोन वर्षं दिसलं नाही.

घरी पोचलो तर आळी जमलेली. काकी सगळ्यांत पुढं. "सांग गो, कसा झाला?" ती मला म्हणाली, सवयीनं. मी घसा साफ केला.

"तिला काय माहीत?" आई खाटेवर बसत म्हणाली. "ती तर बाहेर बसली होती. मी सांगते."

आणि तिनं सुरुवात केली. मांडीतून शिरले ते म्हणे थेट खांद्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कॅमेरा बैलगाडीएवढा होता. झडप छत्रीसारखी फटकन उघडली, तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. यातलं निम्मं चुकीचं होतं. मी म्हटलं, "आये, तसं नाय, ती झडप..."

"मधी नको बोलू गो," आई म्हणाली, आणि काकीनंही मला हातानं गप केलं.

मी उठले. आईचा आवाज पडवीतून वाटेपर्यंत जात होता, कॅमेरा एव्हाना बैलगाडीहून मोठा झाला होता. मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.